नलूचं लेक्चर आणि माझी पोटदुखी

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. स्टाफरूमच्या कपाटात तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे जसे आपोआप साठतात, तसे ते साठतात. रद्दीत घालायचा धीर होत नाही, आणि एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात! परवा आमच्या जुन्या स्टाफपैकी पाचसहा जण भेटलो. चहा यायच्या आत कुणीतरी म्हणालं, "जोगळेकर मॅडम, ते तुमच्या मैत्रिणीचं लेक्चर आठवतं का हो?" झालं! पुढचे दोन तास दुसरा विषय नाही.

भिवंडीच्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. एवढ्या वर्षांतलं लोकांना लख्ख आठवतं ते एकच लेक्चर, आणि तेसुद्धा माझं नव्हे! ते दिलं नलूनं. नलू म्हणजे डॉ. नलिनी खांबेटे. एम.एस्सी.ला माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. पुढे परदेशात गेली, मोठी गणितज्ञ झाली. मी लग्न करून भिवंडीत आले, मोठी झाले ती फक्त अंगानं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. परवा सगळ्यांनी आपापल्या आठवणी सांगितल्या, मी नुसती हसत होते. कारण त्या प्रत्येक आठवणीचा माझ्याकडचा अर्धा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. आता रिटायर झाले. आता कुणाची भीती?

*

सुरुवात माझ्याच जिभेनं केली.

आमचे गणिताचे हेड दामलेसर. मधल्या सुट्टीत पेपर मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. एके दिवशी वाचता वाचता थांबले. "चुंबकीय द्रवगतिकीत नाव मिळवलेल्या डॉ. नलिनी खांबेटे चार महिन्यांसाठी मुंबईत..."

"अय्या, नलू! ही माझ्या वर्गात होती!" मी बोलून गेले. आणि लगेच जोडलं, "माझ्याच नोट्स न्यायची."

पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. दुसरं कुणीच ऐकलं नाही!

"अहो मग बोलवा की!" दामलेसर खुर्चीतून उठलेच. "भिवंडीत असं माणूस कधी आलंय?" त्याच दिवशी त्यांनी आमंत्रणाचं पत्र टाइप करून घेतलं, सही केली आणि माझ्या हातात दिलं. "खाली तुमच्या दोन घरगुती ओळी लिहा आणि पेटीत टाका."

मी दोन ओळी लिहिल्या. पाकीट बंद केलं. तिकीट लावलं. आणि पर्समध्ये ठेवलं.

खोटं कशाला बोलू? मला ती यायला नको होती. मी दगडी पायऱ्यांच्या त्या कॉलेजात 'हुशार बाई' म्हणून ओळखली जात होते. नलू समोर उभी राहिली की त्या हुशारीचं काय होणार हे मला आधीच दिसत होतं.

दामलेसर रोज विचारायचे, "पत्र टाकलंत ना?"

"टाकलं, सर."

आणि ते खोटंही नव्हतं. पर्समध्ये टाकलं होतं!

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी आमचे हे कपाटाच्या किल्ल्या शोधायला म्हणून माझ्या पर्समध्ये हात घालतात काय, आणि पाकीट बाहेर काढतात काय! "अगं, हे टाकायचं राहिलंच वाटतं! वेंधळी कुठली."

"अहो, राहू दे, मी जाताना..."

"राहू दे काय? कामाचं पत्र आहे!" लग्नाला अकरा वर्षं झाली होती, माझ्या कुठल्याही कामासाठी हा माणूस इतक्या चपळाईनं उठलेला मी पाहिला नव्हता. चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आले, आणि वर कौतुकाची वाट बघत उभे!

पाचव्या दिवशी तार आली. 'येते. तुझ्याकडेच राहीन. नलू.'

*

तिनं विषय कळवला आणि स्टाफरूममध्ये महाभारत सुरू झालं. 'चुंबकीय क्षेत्रातील द्रवांची गती.'

फिजिक्सचे हेड म्हात्रेसर दामलेसरांकडे आले. म्हात्रेसर इथलेच, भिवंडीजवळच्या गावचे, बोलणं थेट. "दामले, कार्यक्रम आमच्या डिपार्टमेंटचा हाय. चुंबक कुणाकडं असतात? गणिताच्या कपाटात एक तरी चुंबक दाखवा!"

"समीकरणं आमची," दामलेसर म्हणाले. "पाहुण्या गणितज्ञ आहेत."

"अहो, पन चुंबकाच्या गणितज्ञ हायेत ना?"

तेवढ्यात केमिस्ट्रीचे शेखसर आत आले. शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनाही राहवलं नाही. "देखो भाई, द्रव तर आमचा आहे. लिक्विड हमारे यहाँ पढ़ाया जाता है."

प्रकरण प्रिन्सिपॉलसाहेबांपर्यंत गेलं. त्यांनी तिघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "गणित तुमचं, दामले, तुम्ही अध्यक्ष. चुंबक तुमचं, म्हात्रे, तुम्ही आभार माना. आणि शेख, द्रव तुमचा ना? मग चहा तुमच्याकडे!"

म्हात्रेसरांचं समाधान झालं नव्हतं. लेक्चरच्या दिवशी त्यांनी लॅबमधलं सगळ्यात मोठं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं चुंबक आणून बरोबर टेबलाच्या मध्यावर ठेवलं. त्या वर्षीच्या कॉलेजच्या अंकात फोटो छापून आला. त्यात नलू स्पष्ट दिसते, म्हात्रेसर स्पष्ट दिसतात, आणि अध्यक्षांच्या चेहऱ्याच्या जागी चुंबक आहे!

*

नोटीस लिहायचं काम माझ्याकडे होतं. मला तिचं नाव त्या फळ्यावर माझ्या अक्षरात लिहायची इच्छा नव्हती. म्हणून मी मजकूर एका कागदावर खरडला आणि ऑफिसमधल्या क्लार्ककडे दिला.

त्यानं फळ्यावर मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चुंबकीय द्रव्याची गती. सर्वांना आमंत्रण.' द्रवाचं द्रव्य झालं! माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प बसले. म्हटलं, होऊ दे थोडी फजिती.

शनिवारी हॉलमध्ये पाहते तर पहिल्या तीन रांगा कॉमर्सच्या! कॉमर्सचे देशमुखसर वही-पेन घेऊन सगळ्यात पुढे.

मी विचारलं, "सर, तुम्ही इकडे कसे?"

"म्हणजे काय? द्रव्य चुंबकासारखं कसं खेचावं, हे ऐकायला नको?"

मी मनात म्हटलं, बरं झालं, दहाव्या मिनिटाला सगळे उठतील आणि हॉल निम्मा रिकामा होईल. तसं काही झालं नाही. एकही माणूस उठला नाही. देशमुखसरांनी तर सहा पानं नोट्स काढल्या! माझ्या फजितीच्या बेतानं तिला पाऊणशे श्रोते जास्तीचे मिळवून दिले.

*

त्या दिवशी मी काय नेसले होते ते सांगायलाच हवं. लग्नातला शालू सोडून जेवढं काही कपाटात भारी होतं, त्यातलं सगळ्यात भारी. मोरपंखी सिल्क, मोत्यांचं कानातलं, केसात अबोली. नलू परदेशातून येणार, ती कशी येईल याची मला कल्पना होती. म्हणजे मला वाटत होतं की कल्पना आहे.

दामलेसर हार घेऊन गेटवर उभे. कुठल्याही क्षणी गाडी येईल म्हणून रस्त्याकडे डोळे. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत.

आणि मला ती दिसली. ठाण्याहून एसटीनं आली होती. स्टँडपासून चालत. खांद्याला शबनम, अंगावर निळी सुती साडी, पायात साध्या चपला. दामलेसरांच्या अगदी शेजारून ती आत आली, आणि दामलेसर रस्त्याकडेच बघतायत! वॉचमननं तिला अडवलं. "ताई, अ‍ॅडमिशनची वेळ संपली. सोमवारी या."

"बरं," ती म्हणाली आणि खरंच पायरीवर बसून राहिली.

आता माझं ऐका. मी हे सगळं वरून पाहिलं. हाक मारायला हवी होती. धावत खाली जायला हवं होतं. मी दोन मिनिटं तशीच उभी राहिले. तिचा एकही केस पिकला नव्हता. कंबर एम.एस्सी.ला होती तेवढीच. आणि वॉचमनला ती अ‍ॅडमिशनला आलेली मुलगी वाटली होती! माझ्याच वयाची बाई!

शेवटी गेले खाली. तिनं मला पाहिलं आणि सगळ्या कॉलेजसमोर मिठी मारली. माझी अबोली चुरगळली.

दिवसभर स्टाफरूममध्ये एकच चर्चा, "किती साध्या आहेत हो!" "एवढी मोठी बाई, पण काही म्हणजे काही नाही!" आणि त्याच दमात लायब्ररीयनबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"जोगळेकर, तुमच्या घरी आज काही कार्य आहे का?"

*

लेक्चरचा वार शनिवार ठरला त्यालाही कारण होतं. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद, सगळीकडे शांतता. पण शुक्रवारी दुपारी नमाजामुळे निम्मी मुलं नसतात. शनिवारी मुलं असतात, आणि भिंतीपलीकडचे लूमही असतात! खट्याक खट्याक खट्याक. आम्हाला सवय झालेली. पाहुणा मात्र पहिल्या दहा मिनिटांत घसा बसवून घेतो.

पडद्यावर चित्रं दाखवायचा प्रोजेक्टर कुठूनतरी मागून आणला होता. तो सांभाळायला फिजिक्स लॅबचा अटेंडंट काशिनाथ. पन्नाशीचा माणूस, अकलोलीजवळच्या पाड्यावरचा. तीस वर्षं लॅबमध्ये काढलेली, त्यामुळे कुठलंही यंत्र त्याला घाबरायचं.

नलूनं सुरुवात केली. सूर्यावरचा तापलेला वायू, पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड. ज्या द्रवातून वीज वाहते तो चुंबकाच्या क्षेत्रातून हलला की काय होतं? इथपर्यंत आली आणि लाइट गेले! पडदा काळा. पंखे बंद. मला आतल्या आत काय वाटलं ते सांगत नाही, तुम्ही ओळखलंच असेल.

काशिनाथ म्हणाला, "म्याडम, आता हातानंच लिवा."

ती थांबली. कारण लाइटबरोबर लूमही थांबले होते. एकदम सगळं गाव गप्प.

"हे इतका वेळ काय वाजत होतं?" तिनं विचारलं.

"लूम, मॅडम!" सगळा हॉल ओरडला.

"लूमवर उभे धागे ताणून लावलेले असतात ना?"

"ताना!" मागून पाचसहा आवाज.

"बरं. मग चुंबकाच्या रेषा म्हणजे तो ताना समजा. द्रव त्या धाग्यांत अडकलाय. द्रव सरकला की धागे वाकतात. धागे ताणले की ते द्रवाला परत ओढतात. कुणी कुणाला सोडत नाही." ती फळ्याकडे वळली आणि पुन्हा मागे फिरली. "आता सांगा, ताणलेल्या धाग्याला मधेच टिचकी मारली तर काय होईल?"

 मग मुलींच्या बाजूनं शबाना उठली. शबाना माझ्या वर्गात होती. दोन वर्षांत हजेरीशिवाय तिनं तोंड उघडलेलं मी ऐकलं नव्हतं. घरी चार लूम.

"हिलता जाएगा, मॅडम. एक सिरे से दूसरे सिरे तक. लहर जाती है."

"किती वेगानं?"

"ताना जितना टाइट, उतनी जल्दी. सूत मोटा हो तो धीरे."

नलूनं खडू खाली ठेवला. "झालं! समीकरण हिनं सांगितलं. मी फक्त लिहून दाखवते."

टाळ्या थांबेनात. देशमुखसर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, पण तळव्यांना तळवे लागतील एवढ्याच. नऊ वर्षं मी त्या खटखटीत शिकवत होते. नऊ वर्षं खिडक्या लावून घेत होते, आवाज चढवत होते, लूमला शिव्या देत होते. हा धागा माझ्या खिडकीबाहेरच होता. तो तिला पाऊण तासात सापडला!

सोमवारी तास संपल्यावर शबाना आपणहून माझ्याकडे आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं. मी वही मिटली, चष्मा काढला, म्हटलं, "बोल, बेटा."

"मॅडम, वो वाली मॅडम फिर कब आएँगी?"

*

हा पुढचा किस्सा स्टाफमध्ये कुणालाच माहीत नाही. त्यांच्या दृष्टीनं तो किस्साच नाही.

शनिवारी लेक्चरनंतर प्रश्नोत्तरं सुरू झाली. लाइट आले होते, लूमही. दामलेसरांना अध्यक्ष म्हणून एक जड प्रश्न विचारायचाच होता. त्यांनी फळ्यावरच्या एका पायरीकडे बोट दाखवलं. "ही ओळ त्या ओळीतून कशी आली?" तिथे एक लहानसं सूत्र लागतं. दोन पदं, मध्ये उणे चिन्ह. बस.

नलू म्हणाली, "हे मी सांगण्यापेक्षा सुधानं सांगावं. एम.एस्सी.ला मला हे तिनंच शिकवलं. सुधा, ये ना."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. सिल्कची साडी सावरत मी उठले. खरंच शिकवलं होतं मी तिला. होस्टेलच्या जिन्यात बसून, पाटीवर. ती दोनदा विसरली होती आणि मी चिडले होते.

फळ्याशी गेले. खडू घेतला. लिहिलं. वळले, आणि वळता वळता माझ्या लक्षात आलं की मी मध्ये अधिक लिहिलंय!

 आता परत वळून पुसावं तर सगळ्यांना दिसणार. ठेवावं तर दामलेसर चष्मा लावून पुढे वाकलेलेच.

नलू पुढे आली. "थँक यू, सुधा," म्हणत मला वाट करून द्यायला फळ्याला टेकली. हात बरोबर त्या जागी. अंगठा एकदाच वरून खाली फिरला. ती बाजूला झाली तेव्हा अधिकाची उभी रेघ गेलेली. उरलं उणे!

"वा, वा!" दामलेसर म्हणाले. "जोगळेकर मॅडम, अजून तोंडपाठ आहे तुम्हाला!"

टाळ्या. माझ्यासाठी! नलू अंगठ्याचा खडू पदराला पुसत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा नाही, घरी जाताना नाही, नंतर कधीच नाही. एका शब्दानं उल्लेख नाही.

तिनं सगळ्यांसमोर माझी चूक काढली असती ना, तर मी तिला केव्हाच माफ करून टाकलं असतं!

*

संध्याकाळी घरी. मी वालाचं बिरडं केलं होतं. सोलायला सकाळचे दोन तास गेले होते. आमच्या ह्यांनी पानाभोवती रांगोळी काढायची तेवढी बाकी ठेवली होती.

नलूनं तीनदा बिरडं मागून घेतलं आणि तीनदा मला म्हणाली, "सुधा, कसलं झालंय!" पण ह्यांचं लक्ष बिरड्यात कुठे होतं? "मला सांगा, सूर्यावर चुंबक गेलं कसं?" "मग होकायंत्राचं टोक उत्तरेलाच का?" "पृथ्वीच्या पोटातलं लोखंड थंड झालं तर?" एकामागून एक. आमचे हे बँकेत. अकरा वर्षांत मी वर्गात काय शिकवते हा प्रश्न ह्यांच्या तोंडून एकदाही बाहेर पडला नव्हता. मी पेपर तपासायला बसले की म्हणायचे, "आकडेमोड चाललीय वाटतं."

नलू हात वाळवत सगळं समजावून सांगत होती. ताटातल्या आमटीत चमचा फिरवून भोवरे दाखवत होती. हे पुढे सरकून सरकून पाटावरून खाली उतरायच्या बेतात.

शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तो भोवरा उलटा दाखवलास, नलू. क्षेत्राची दिशा वर असेल तर प्रवाह असा वळेल." आणि ह्यांच्या ताटात चमचा घालून बरोबर दिशेनं फिरवला.

"अगं हो की," नलू म्हणाली. "बरोबर."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे. मग परत माझ्याकडे.

"म्हणजे," हे म्हणाले, "हे तुला पण येतं?"

*

रविवारी तिला अकलोलीची गरम पाण्याची कुंडं बघायची होती. "आमच्या गावाकडंच हायेत, म्या दाखवतो," काशिनाथ म्हणाला. ह्यांनाही यायचं होतं, पण मी त्यांना घरीच ठेवलं. गॅसचा सिलिंडर येणार आहे असं सांगितलं. सिलिंडर परवाच आला होता!

एसटीनं वज्रेश्वरीला उतरलो. देवीचं दर्शन घेतलं, पायऱ्या उतरलो, आणि शेतांच्या कडेनं चालत अकलोलीला गेलो. वाटेत  काशिनाथच बोलत होता.

कुंडांपाशी त्यानं समजावून सांगितलं. "ह्यात आंगूळ करतात. ह्यात पाय बुडवायचे. आनि त्या कोपऱ्यातल्यात न्हाय. तो नुसता बगायचा."

"का?" नलूनं विचारलं.

"लय गरम हाय, म्याडम."

नलूनं त्या कुंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सुधा, बसायचं?"

"बसू की," मी म्हटलं.

साड्या वर धरून दगडी काठावर बसलो आणि एकदमच पाय आत घातले. माझा श्वास तिथल्या तिथे अडकला. नलूनं डोळे मिटले होते.

"अवं म्याडम!" काशिनाथ धावत आला. "ह्यात गावची मानसं पन टिकत न्हाईत!"

"छान वाटतंय," नलू म्हणाली.

"फारच छान," मी म्हटलं. दात आवळलेले असताना जेवढं नीट बोलता येतं तेवढं नीट.

थोडा वेळ गेला. पाण्यातून वाफ येत होती. पोटऱ्यांपर्यंत लाल झालेले माझे पाय मला दिसत होते आणि तिचेही.

"पार्ट वनला तुला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते," नलू समोर बघत म्हणाली.

"नऊ."

"अकरा. मला पक्कं आठवतं."

मला नऊच आठवत होते. 

"गरम वाटतंय का तुला?" तिनं विचारलं.

"छे! कोमट आहे. तुला?"

"कोमटच."

डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक म्हातारी चालली होती. आम्हाला बघून थांबली. आमचे चेहरे पाहिले, पाय पाहिले, आणि काशिनाथला विचारलं, "ह्या बायांचा कई नवस हाय का रं?"

"नवस न्हाय, आये," काशिनाथ म्हणाला. "दोगी बी गनिताच्या हायेत."

म्हातारी मान हलवत निघून गेली.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. काशिनाथ दोन पावलं पळाला, परत आला. "म्याडम, चारची गाडी आली! हिच्यामागं दोन तास गाडी न्हाय. चला, उठा!"

नलू हलली नाही. मीही नाही.

"तू ऊठ," ती म्हणाली. "मी येतेच."

"तू आधी. पाहुणी आहेस."

"तुझं गाव आहे. तू आधी."

"म्याडम!" काशिनाथ मध्ये उभा राहून कधी हिच्याकडे, कधी माझ्याकडे, कधी रस्त्याकडे बघत होता. त्यानं दोन्ही हात वर करून कंडक्टरला थांब म्हणून खुणा केल्या. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं, काठावर बसलेल्या आम्हा दोघींकडे पाहिलं, वाट बघितली, आणि दोन घंटा दिल्या.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. धूळ खाली बसली.

"गेली," नलू म्हणाली.

"जाऊ दे," मी म्हटलं.

नलूनं पाय आणखी बोटभर खाली घातले. मग मीही!